एका गळ्यातले दोन स्वर आणि सैबेरियातली इलेक्ट्रिक गिटार

तानपुऱ्याला गांधाराची तार नसते. पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज, एवढ्याच चार तारा. तरीही तानपुरा चांगला लागला आणि जवारी मोकळी झाली, की खर्जाच्या तारेतून गांधार उमटतो. गायकाला तो लगेच कळतो, कान सरावला की समोर बसलेल्यालाही कळतो. आपले गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात.

हा गांधार येतो कुठून? तार छेडली की ती अख्खी तर हलतेच, पण त्याच क्षणी तिचे दोन भाग, तीन भाग, चार भाग, पाच भाग असेही आपापल्या परीनं हलत असतात. खर्जाची तार सेकंदाला १०० वेळा कंप पावत असेल, तर त्या आवाजात २००, ३००, ४००, ५०० अशी कंपनंही मिसळलेली असतात. त्यांना उपस्वर म्हणू. मूळ स्वराला पहिला धरलं तर दुसरा म्हणजे वरचा षड्ज, तिसरा त्याचा पंचम, चौथा आणखी वरचा षड्ज आणि पाचवा गांधार. माणसाचा आवाजही असाच थरांचा बनलेला असतो. आपण ‘सा’ लावतो तेव्हा त्यात डझनावारी उपस्वर असतात. कान ते सगळे एकत्र करून एकच स्वर म्हणून ऐकतो, एवढंच.

सैबेरियाच्या दक्षिण टोकाला, तुवा नावाच्या प्रदेशात, हे थर सुटे करून गाणारे गायक आहेत. ते खाली एक खर्ज धरून ठेवतात आणि त्याच श्वासात, त्याच गळ्यातून एकेक उपस्वर उचलून त्यांची धून बांधतात. ऐकताना वाटतं, एक जण खाली घुमतोय आणि दुसरा वर शीळ घालतोय. गाणारा एकच असतो.

मला लिहायचं आहे ते या गायकीला रॉक, पंक आणि इलेक्ट्रॉनिक संगीताशी जोडणाऱ्या आल्बेर्त कुवेझिन या तुवन संगीतकाराबद्दल. त्यांच्या कामाला ‘जुन्या-नव्याचा संगम’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते अपुरं वाटतं. या गायकीचं आणि इलेक्ट्रिक गिटारचं जमलं, कारण दोघांचा कच्चा माल एकच आहे. तो कोणता, हे कळायला आधी गळ्यात काय घडतं ते पाहावं लागेल.

तुवा

तुवा हे रशियन संघराज्यातलं एक प्रजासत्ताक. दक्षिणेला मंगोलिया, उत्तरेला सायान पर्वत. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं जास्त, लोकसंख्या मात्र साडेतीन लाखांच्या आत. राजधानी किझिल. तिथंच दोन नद्या एकत्र येऊन येनिसेई ही सैबेरियातली अवाढव्य नदी सुरू होते. रेल्वे अजून तिथवर पोचलेली नाही. १९२१ ते १९४४ या काळात तुवा नावाला स्वतंत्र देश होता, नंतर तो सोव्हिएत संघात सामील झाला. भाषा तुर्की कुळातली. धर्म तिबेटी परंपरेचा बौद्ध, आणि त्याच्या जोडीनं, त्याच्याही आधीपासूनचा, आत्म्यांशी बोलणाऱ्या शामानांचा. १९९२मध्ये दलाई लामा तिथं गेले होते.

तुवन माणूस परंपरेनं पशुपालक. मेंढ्या, शेळ्या, घोडे, याक, काही भागांत उंट, तर ईशान्येच्या जंगलात रेनडियर. ऋतूप्रमाणे कुरणं बदलायची आणि नमद्याच्या गोल तंबूत राहायचं. या जगण्यात एकटं असण्याचा काळ फार मोठा. दिवसभर सोबतीला गुरं, वारा आणि पाणी. गायक आपल्या खर्जाला साथ देणारा कडा शोधतो, ओढ्याच्या काठी बसून ओढ्याच्या आवाजात आपला आवाज मिसळतो. प्रत्येक झऱ्याला, घाटाला, डोंगराला तिथला मालक असलेला आत्मा आहे, अशी श्रद्धा आहे. त्याला दूध-चहा शिंपडून मान द्यायचा, तसाच गाऊनही द्यायचा. म्हणजे समोर माणसांचा श्रोतृवर्ग असलाच पाहिजे, अशी या गाण्याची मुळात अटच नव्हती. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे रंगमंचाची गोष्ट निघाल्यावर तो कामाला येईल.

गळ्यात काय घडतं

आवाज दोन टप्प्यांत घडतो. स्वरयंत्रात स्वरतंतू फडफडून कच्चा आवाज तयार करतात. मग घसा, जीभ, टाळू आणि ओठ मिळून जी पोकळी बनते, ती त्यातले काही उपस्वर ठळक करते, काही दाबते. ‘आ’ आणि ‘ई’ यांतला फरक सगळा या पोकळीचा. स्वर तोच ठेवून तुम्ही ‘ऊ’पासून ‘ई’कडे अगदी हळूहळू सरकलात, ओठ गोल ठेवून, तर मधे कुठेतरी एक बारीक शिट्टीसारखी धार वर चढत गेल्याचं जाणवेल. न्हाणीघरात करून पाहा, भिंती मदत करतात. ती धार म्हणजे पोकळीनं एकामागून एक उचलून धरलेले तुमचेच उपस्वर.

तुवन गायक याच्यावर दोन गोष्टी करतो. पहिली, गळा आवळून स्वरतंतू एरवीपेक्षा जास्त वेळ मिटलेले ठेवतो. त्यामुळे कच्च्या आवाजातच वरचे उपस्वर जोरकस येतात. तानपुऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा सरकवून आपण जे साधतो, तेच काम इथं गळ्याचे स्नायू करतात. दुसरी, तोंडाच्या पोकळीला असा नेमका आकार देतो की एकच उपस्वर उजळून निघावा आणि शेजारचे झाकोळावेत.

साध्या बोलण्यात तोंडाची पोकळी वेगवेगळ्या उंचीच्या कंपनांना ठळक करत असते, आणि हे ठळक पट्टे एकमेकांपासून दूर असतात. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हून-हुर-तू या तुवन संचाच्या गायकांचं ध्वनिमुद्रण तपासलं गेलं आणि एका गायकाचं गाताना एमआरआय काढलं गेलं. त्यात दिसलं की हे गायक दुसरा आणि तिसरा पट्टा एकमेकांत मिसळून टाकतात. दोन पसरट टेकड्यांच्या जागी एकच अणकुचीदार सुळका उभा राहतो, साधारण सेकंदाला १००० ते २००० कंपनांच्या दरम्यान. त्या सुळक्यावर जो उपस्वर सापडेल तो शिट्टीसारखा ऐकू येतो. जीभ मिलिमीटरभर हलली की सुळका सरकतो आणि दुसरा उपस्वर उजळतो.

आता धून कशी बनते ते पाहू. समजा खर्ज १५० कंपनांचा आहे. सहावा उपस्वर ९००, आठवा १२००, नववा १३५०, दहावा १५००, बारावा १८००. तुवन गायक बहुधा याच पायऱ्या वापरतात. सातवा आणि अकरावा टाळतात. आपल्या स्वरांत सांगायचं तर प, सा, रे, ग, प. भूपाच्या पाचांतले चार स्वर निसर्गाच्या हिशेबानं आपोआप पुढ्यात येतात. सातवा टाळतात, कारण तो आपल्या कोमल निषादापेक्षाही उतरलेला असतो. अकरावा शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधेच लटकतो. म्हणून हे गाणं पहिल्यांदा ऐकतानाही मराठी कानाला परकं वाटत नाही, असा माझा अनुभव आहे. त्यातली स्वरांची सोबत आपल्या ओळखीची असते.

प्रकार मुख्यतः तीन. सगळ्या गायकीला मिळून खूमेई म्हणतात, आणि त्यातल्या एका मऊ, मधल्या पट्टीतल्या प्रकारालाही हेच नाव आहे. सिगित हा धारदार शिट्टीचा. त्यात जिभेच्या कडा वर टेकवून जवळजवळ बंद दार करायचं आणि दाढांपाशी बारीकशी फट ठेवायची. तिसरा कार्गिरा, आणि कुवेझिन यांच्या संदर्भात तोच सगळ्यात महत्त्वाचा.

कार्गिराचं तंत्र वेगळंच आहे. खऱ्या स्वरतंतूंच्या थोड्या वर आणखी एक मांसल जोडी असते, तिला खोटे स्वरतंतू म्हणतात. बोलताना ती बाजूला पडून असते. खोकताना किंवा जड वस्तू उचलताना ती मिटते. कार्गिरा गाणारा ही जोडी अशी हलकी जवळ आणतो की खरे तंतू दोनदा फडफडले की ही एकदा मिटते. परिणामी ऐकू येणारी कंपनं बरोबर निम्मी होतात आणि आवाज एक सप्तक खाली उतरतो. गायक गातोय १३० कंपनांवर, ऐकू येतंय ६५वर. छातीत ढोल वाजावा असा तो आवाज असतो. आणि मूळ स्वर इतका खाली गेल्यामुळे उपस्वर एकमेकांच्या फार जवळ येतात. मग वरची धून बांधायला शिट्टीची गरज उरत नाही, ‘उ’, ‘ओ’, ‘आ’ असे स्वर बदलत गेलं तरी वर एक चाल उमटत जाते. धरमशालेच्या ग्युतो मठातल्या तिबेटी भिक्षूंचं खोल मंत्रपठण ज्यांनी ऐकलं असेल, त्यांना याच्या जवळचा आवाज आधीच परिचयाचा आहे.

यांच्यावर नक्षीकाम वेगळं. बोर्बान्नादिरमध्ये उपस्वर पाण्यासारखे खळाळतात. एझेंगिलेरमध्ये घोड्याच्या चालीनं रिकिबीत हलणाऱ्या पायांचा ठेका येतो. हे दोन्ही एकदा ऐकले की कुरण, घोडा आणि ओढा या गाण्याच्या बाहेरचे विषय नसून त्याच्या आतली सामग्री आहेत, हे पटतं.

रंगमंच ही नवी गोष्ट आहे

सोव्हिएत प्रभावाच्या काळात तुवातल्या लामांवर आणि शामानांवर कठोर कारवाई झाली, मठ बंद पडले, भटक्या पशुपालकांना सामूहिक शेतांवर आणलं गेलं. गाणं पूर्ण थांबलं नाही. ते सरकारी लोककला मंडळांत आलं. झगमगीत पोशाख, ठरलेल्या वेळेचे तुकडे, वाद्यवृंदाच्या शिस्तीत बसवलेली रचना. आपल्या तमाशाचं आणि लावणीचं सरकारी महोत्सवात काय होतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना यातला फायदाही कळेल आणि तोटाही. मंडळामुळे गायकांना पगार मिळाला, तरुणांना शिकायला जागा मिळाली. पण ओढ्याकाठी तासभर एकाच खर्जावर रमणारं गाणं तीन मिनिटांच्या कसरतीत आकसलं.

१९८७मध्ये अमेरिकन आणि सोव्हिएत संशोधकांचं एक संयुक्त पथक तुवात फिरलं आणि गुराख्यांचं गाणं त्यांच्याच जागी ध्वनिमुद्रित केलं. ते १९९०मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालं आणि जगाला या गायकीचं वेड लागलं. १९९१मध्ये सोव्हिएत संघ संपला, सीमा उघडल्या, आणि तुवातले तरुण संगीतकार एकदम दोन्हीकडे पाहू लागले, मागे आजोबांकडे आणि पुढे जगाकडे.

आल्बेर्त कुवेझिन हे त्या पिढीचे. जन्म १९६५, किझिलचा. गिटार हातात, कानात रॉक, गळ्यात कार्गिरा. मॉस्कोतले इलेक्ट्रॉनिक संगीतकार इव्हान सोकोलोव्स्की यांच्याबरोबर त्यांनी यात-खा हा संच सुरू केला. यातखा म्हणजे तिकडचं आडवं ठेवून वाजवायचं तंतुवाद्य. १९९२च्या सुमारास ते कायगाल-ऊल खोवालिग आणि सायान व अलेक्सांद्र बापा या भावांबरोबर दुसऱ्या एका संचातही होते. तोच संच पुढे हून-हुर-तू नावानं जगभर गाजला. खोवालिग तरुणपणी मेंढपाळ होते, सायान बापा जॅझ-रॉकमध्ये बास गिटार वाजवून आलेले. त्यांनी सगळी सरकारी सजावट काढून टाकली आणि इगिल हे दोन तारांचं सारंगीवजा वाद्य, दोशपुलूर हे तीन तारांचं छेडायचं वाद्य, खोमुस म्हणजे आपलं मोरचंग, एखादा ढोल आणि गळे, एवढ्यावर काम केलं. कुवेझिन मात्र तिथून निघाले. त्यांना गिटार सोडायची नव्हती.

यातली एक बाब मला फार महत्त्वाची वाटते. हून-हुर-तू ‘पारंपरिक’ आणि यात-खा ‘आधुनिक’, अशी सरसकट वाटणी केली जाते. पण चार गायकांनी अर्धवर्तुळात बसून, एकत्र स्वर लावून, श्रोत्यांसाठी गाणं हेही त्या काळात नवंच घडवलेलं रूप होतं. कुरणावर गाणारा एकटा होता. दोन्ही संच एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं शोधत होते: हे गाणं कुरणावरून सभागृहात आणायचं तर काय सोबत न्यायचं आणि काय मागे ठेवायचं?

१९९५मध्ये यात-खाचा ‘येनिसेई पंक’ हा अल्बम आला. पुढे २००५च्या ‘री-कव्हर्स’मध्ये कुवेझिन यांनी पाश्चात्त्य रॉकमधली गाजलेली गाणी आपल्या खोल आवाजात गायली. १९२८च्या एका सोव्हिएत मूकपटाला यात-खानं रंगमंचावर बसून थेट पार्श्वसंगीतही दिलं. २०१०चा अल्बम त्यांनी स्कॉटलंडच्या जुरा बेटावर मुद्रित केला. या सगळ्याच्या तळाशी त्यांची कार्गिराची स्वतःची खास धाटणी आहे. ती अस्सल खर्जाच्याही खाली गडगडते, आणि तिला कान्झात म्हणतात.

गिटारशी जमलं कसं

इलेक्ट्रिक गिटारवाल्याच्या पायाशी लोखंडी डब्या मांडलेल्या असतात. पाय दाबला की आवाज बदलतो. त्यांतल्या तीन इथं कामाच्या आहेत.

पहिली डिस्टॉर्शनची. ती गिटारचा विद्युत संकेत इतका वाढवते की त्याचे शेंडे कापले जातात. शेंडे कापले की मूळ स्वरात नसलेले किंवा क्षीण असलेले उपस्वर भरभरून तयार होतात. रॉकमधला तो करकरीत, भरलेला आवाज म्हणजे हेच. गळा आवळून खूमेई गाणारा स्वरतंतूंकडून जे करून घेतो, त्याचाच हा विजेवरचा मार्ग.

दुसरी वा-वा पेडल. पाय पुढेमागे केला की एक ठळक पट्टा कंपनांच्या पटावर वरखाली सरकतो, आणि गिटार ‘वा-वा’ म्हणतेय असं वाटतं. गिटारला जणू जीभ फुटते. सिगित गाणाऱ्याची जीभ तोच पट्टा सरकवते, फक्त तिचा पट्टा सुळक्याइतका अरुंद असतो. सिंथेसायझरवर फिल्टरची कळ फिरवून काढतात ते चढत जाणारे आवाजही याच जातकुळीचे.

तिसरी ऑक्टेव्हर. ती कंपनं निम्मी करून खालच्या सप्तकातला स्वर जोडून देते. कार्गिरा.

तर तुवन गायकानं गिटार हातात घेतली तेव्हा त्याला परक्या संगीताशी तडजोड करावी लागली नाही. उपस्वरांनी भरलेला दाट आवाज, त्यातला एखादा धागा वर काढणं, खाली सतत घुमणारा आधार, हे सगळं त्याच्या कानात आधीच मुरलेलं होतं. पियानोसारख्या स्वच्छ, सुट्या स्वरांच्या वाद्याशी एवढ्या सहज जमलं नसतं.

पण एक खरी अडचण आहे, आणि मिश्रण करणाऱ्या प्रत्येकाला ती सोडवावी लागते. पाश्चात्त्य गाणं कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांवर, चालतं. दर दोन-चार मात्रांनी खालचा आधार बदलतो. खूमेईत सगळी वरची धून एकाच खर्जाच्या उपस्वरांतून जन्मते. खर्ज हलवला की वरचे सगळे स्वर एकदम हलतात. म्हणजे कॉर्ड बदलत राहणाऱ्या गाण्यात गायकाची धून दर ओळीला निसटणार.

अडचणीचा दुसरा भाग सुरांचा. गिटार, कीबोर्ड ही बारा समान तुकड्यांत कापलेल्या सप्तकाची वाद्यं. त्यांचा गांधार निसर्गाच्या गांधारापेक्षा किंचित चढा असतो. फरक थोडा आहे, पण लांब धरलेल्या स्वरात तो खुपतो. आपल्याकडे संवादिनीवरून जो वाद झाला, आकाशवाणीनं अनेक वर्षं तिच्यावर जी बंदी घातली, त्यामागच्या कारणांत सुरांतला हा फरकही होता. तानपुरा एक सांगतो, पेटी दुसरं.

कुवेझिन यांच्यासारख्या संगीतकारांना रॉकच्या कडक बाजूनं यावर उतारा दिला. तिथं पॉवर कॉर्ड नावाचा प्रकार आहे, फक्त सा आणि प, मधला गांधार गायब. डिस्टॉर्शनमध्ये गांधार गढूळ होतो म्हणून गिटारवादकांनी तो गाळला. षड्ज-पंचमाचं हे जोडकाम म्हणजे उपस्वरांच्या पहिल्या तीन पायऱ्याच. त्यामुळे वर गायकाच्या नैसर्गिक गांधाराला जागा मोकळी राहते, भांडायला कोणी नसतं. शिवाय पंक आणि ब्लूजच्या काही गाण्यांत एकाच आधारस्वरावर बराच वेळ बसून राहायची सवय आहे. म्हणून हे मिश्रण गोड पॉप गाण्यांत क्वचित जमलं आणि खडबडीत संगीतात टिकलं.

ब्लूजचं नाव आलंच आहे तर पॉल पेना यांच्याबद्दल सांगायला हवं. सॅन फ्रान्सिस्कोतले अंध ब्लूज गायक. १९८४मध्ये शॉर्टवेव्ह रेडिओवर मॉस्को केंद्र लागलं असताना त्यांनी हे गाणं ऐकलं आणि कोणी गुरू नसताना ध्वनिमुद्रणं ऐकून कार्गिरा शिकले. तुवन-इंग्रजी शब्दकोश हाती नव्हता, म्हणून तुवनमधून रशियन आणि रशियनमधून इंग्रजी असा दुहेरी प्रवास करत त्यांनी भाषाही शिकली. १९९५मध्ये तुवाचे थोर गायक कोंगार-ऊल ओंदार यांच्या निमंत्रणावरून ते किझिलला गेले आणि तिथल्या स्पर्धेत कार्गिरा विभागात पहिले आले. ब्लूजमधला घोगरा, घासलेला आवाज आणि कार्गिरा यांच्यात भिंत नाही, हे त्यांनी तुवन श्रोत्यांसमोर गाऊनच दाखवलं.

कोण गाऊ शकतं

नव्या आवाजांशी मेळ घालण्याची वाट सगळ्यांची सारखी नव्हती. साइन्खो नामचिलाक यांचा जन्म १९५७चा. त्या बाई आहेत, आणि बाईनं खूमेई गायलं तर मूल होत नाही, घराण्यावर संकट येतं, अशी समजूत तुवात खोल रुजलेली होती. त्यांनी ही गायकी युरोपातल्या मुक्त जॅझ आणि प्रायोगिक संगीतात नेली. शिट्टी, किंकाळी, कुजबुज, अंगाई हे सगळं एका गळ्यात. ऐकायला सोपं नाही. पण या विषयावर लिहिताना त्यांचं नाव तळटीपेत टाकलं जातं याचा मला खरोखर राग येतो. कुवेझिन यांच्याइतकीच, कदाचित जास्त, जोखीम त्यांनी घेतली. १९९८मध्ये चोदुरा तुमात यांनी तिवा किझी हा फक्त स्त्रियांचा संच उभा केला. तो पारंपरिक वाद्यांवरच गातो. तरी माझ्या मते तुवातला सगळ्यात मोठा नवेपणा त्यांचाच, कारण तिथं बदल वाद्याचा नव्हता, गाणारं कोण याचा होता.

त्यानंतरची पिढी आणखी मोकळी आहे. ओंदार यांच्या शिष्यांनी उभारलेल्या आलाश या संचानं २०१५च्या एका अल्बममध्ये बाल्टिमोरचे बीटबॉक्सर शोदेके यांना सोबत घेतलं. तोंडानं ढोल वाजवणारा एक आणि तोंडानं वारा वाजवणारे तिघे. यंत्र एकही नाही, तरी आवाज आजचा. मला ही जोडी फार आवडते, कारण दोन्ही कला एकाच जागी, ओठ आणि घसा यांच्या मधल्या वीतभर जागेत घडतात. हार्तिगा हा किझिलचाच संच सायकेडेलिक रॉक आणि जॅझकडे गेला. शेजारच्या मंगोलियातल्या ‘द हू’ या संचानं २०१८पासून हेवी मेटलमधून हीच गायकी कोट्यवधी श्रोत्यांपर्यंत नेली. अल्ताय आणि खाकासिया या शेजारच्या प्रदेशांत वीरगाथा सांगणाऱ्या गायकांची स्वतंत्र घोगरी परंपरा आहे, तिच्यातूनही आता नवे संच येत आहेत.

यात मला न पटणारंही बरंच आहे. कुठल्याही ‘गूढ’ दृश्याखाली, कुठल्याही ध्यानाच्या ट्रॅकमध्ये कार्गिराचा पाच सेकंदांचा तुकडा टाकायची रीत पडली आहे. त्या तुकड्यात गायकाचं नाव नसतं, गाव नसतं, आणि मुख्य म्हणजे वरची धूनच नसते. उरते ती फक्त घरघर. खालचा खर्ज घेऊन वरचा उपस्वर फेकून देणं म्हणजे या गायकीचा अर्धाच, तोही सोपा भाग उचलणं. मिश्रण जमलंय की नाही हे ओळखायची माझी कसोटी साधी आहे: ढोल आणि गिटार चालू असताना गायकाची वरची धून ऐकू येते का, आणि बाकीची वाद्यं तिच्यासाठी जागा सोडतात का?

मान्यतेचा प्रश्नही गुंतागुंतीचा आहे. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २००९ला चीनच्या नावानं आणि २०१०ला मंगोलियाच्या नावानं मंगोल खूमेईची नोंद झाली. रशियानं संबंधित करार स्वीकारलेला नसल्यामुळे तुवाची नोंद तिथं नाही. तुवन गायकांना हे बोचणं साहजिक आहे. पण किझिलमध्ये खूमेईचं संशोधन केंद्र आहे, मुलांना शिकवणारे गुरू आहेत आणि स्पर्धा भरतात. यादीत नाव नसलं तरी गळे तयार होत आहेत.

तुम्हाला ऐकायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी एखाद्या एकट्या गायकाचं साधं सिगित, कसल्याही साथीशिवाय. कान त्या शिट्टीवर ठेवा आणि मनात सा-रे-ग-प मोजा. मग हून-हुर-तू. कार्गिरा आणि इगिल एकत्र आले की खर्ज कुठला आणि तार कुठली हे ओळखायचा प्रयत्न करा. त्यानंतर यात-खा लावा. आणि हे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्या इवल्या स्पीकरला दीडशे-दोनशे कंपनांच्या खालचं फारसं वाजवताच येत नाही, त्यामुळे कुवेझिन यांचा आवाज जिथून सुरू होतो तेवढाच भाग गळून पडतो. चांगले हेडफोन घ्या, किंवा घरातला जुना मोठा स्पीकर काढा.